सॉकेटच्या मेमरीचा हिशेब लिनक्स कर्नल कसा ठेवतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेटवर्क सॉकेटसाठी, म्हणजे प्रोग्रामला नेटवर्कशी जोडणाऱ्या टोकासाठी, लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) किती मेमरी खर्च करतो, तो खर्च कोणाच्या नावे टाकतो आणि मर्यादा ओलांडली की काय करतो, याविषयी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न मूलभूत आहेत आणि पुढचे अडचणीच्या अपवादांचे आहेत. आदेश, फाइली आणि सेटिंग यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच मूळ रोमन लिपीत टाइप करावी लागतील.

१. सॉकेटची मेमरी म्हणजे नेमकी कोणती मेमरी?

नेटवर्कवरून आलेला पण प्रोग्रामने अजून न वाचलेला डेटा, आणि प्रोग्रामने लिहिलेला पण अजून पुढे न गेलेला किंवा समोरून पोच न मिळालेला डेटा कर्नलला स्वतःजवळ ठेवावा लागतो. या दोन्ही रांगांत उभ्या असलेल्या पॅकेटांनी अडवलेली मेमरी ही सॉकेटची मेमरी होय. टीसीपीमध्ये (पोच घेऊन, क्रमाने डेटा पोहोचवणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये) क्रम चुकवून आलेली पॅकेट वेगळ्या रांगेत थांबतात आणि तीही यातच मोजली जातात. ही मेमरी कर्नलची असल्यामुळे ती स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरील राखीव जागेत, टाकता येत नाही. म्हणूनच तिला मर्यादा घालणे अपरिहार्य ठरते.

काय मोजले जात नाही, हेही माहीत असावे. सॉकेटची स्वतःची रचना स्लॅबमधून (कर्नलच्या लहान रचनांसाठीच्या साठ्यातून) येते आणि ती टीसीपी_मेमच्या, म्हणजे सर्व टीसीपी सॉकेटांच्या एकत्रित मर्यादेच्या, हिशेबात धरली जात नाही. नेटवर्क कार्डाच्या रिंगमध्ये येणाऱ्या फ्रेमची वाट पाहत पडलेली पानेही (मेमरीचे ठरावीक मापाचे तुकडेही), त्यांतले पॅकेट एखाद्या सॉकेटच्या रांगेत लागेपर्यंत, कोणत्याच सॉकेटच्या नावे पडत नाहीत.

२. हा हिशेब एकाच ठिकाणी ठेवला जातो का?

नाही, आणि बहुतेक गोंधळाचे मूळ येथेच आहे. एकाच पॅकेटची नोंद तीन वह्यांत होऊ शकते. पहिली वही त्या एका सॉकेटची असते आणि तिची मर्यादा म्हणजे त्याचा रिसीव्ह बफर किंवा सेंड बफर. दुसरी वही संपूर्ण प्रोटोकॉलची असते, म्हणजे यंत्रावरील सर्व टीसीपी सॉकेटांची मिळून एक आणि सर्व यूडीपी (पोच न घेणारा साधा प्रोटोकॉल) सॉकेटांची मिळून एक. त्यांच्या मर्यादा टीसीपी_मेम आणि यूडीपी_मेम ठरवतात. तिसरी वही मेमरी कंट्रोल ग्रुपची (ज्याच्या मेमरीवर मर्यादा घालता येते अशा प्रक्रियांच्या गटाची), म्हणजे कंटेनरच्या भाषेत त्या कंटेनरची असते.

तीनपैकी कोणतीही एक वही नकार देऊ शकते आणि प्रोग्रामला बाहेरून तिन्ही नकार सारखेच दिसतात: वेग मंदावतो किंवा पॅकेट गळतात. त्यामुळे आकडे वाढवायला घेण्याआधी नकार कोणत्या वहीतून आला, हे शोधणे हेच खरे काम आहे. ते कसे शोधावे हे प्रश्न ८, ९ आणि १४ मध्ये आहे.

३. मी एका बाइटचे पॅकेट पाठवले, तरी सॉकेटच्या नावे सातशेहून अधिक बाइट कसे पडतात?

कर्नल डेटाची लांबी मोजत नाही, तर ते पॅकेट सांभाळण्यासाठी प्रत्यक्षात अडवलेली मेमरी मोजतो. या मापाला कर्नलमध्ये ट्रूसाइझ म्हणतात. ६४ बिट यंत्रावर पॅकेटचे वर्णन करणारी रचना, म्हणजे एसके_बफ, संरेखन धरून २५६ बाइट घेते. पॅकेटच्या डेटाला जोडून शेवटी आणखी एक रचना असते आणि ती ३२० बाइटची असते. डेटा, हेडर आणि ही शेवटची रचना मिळून जेवढी जागा लागते ती ठरावीक मापांच्या तुकड्यांतूनच मिळते. लहान पॅकेटला ५१२ बाइटचा तुकडा मिळाला तर २५६ आणि ५१२ मिळून ७६८ होतात. लूपबॅकवरून (यंत्राने स्वतःलाच) पाठवलेल्या लहान यूडीपी पॅकेटसाठी बऱ्याच आवृत्त्यांत हाच आकडा दिसतो. आवृत्तीनुसार तो थोडा बदलतो, तत्त्व बदलत नाही.

याचा परिणाम मोठा आहे. यूडीपी सॉकेटचा रिसीव्ह बफर दीर्घकाळ मूलतः २,१२,९९२ बाइटचा राहिला आहे. एकेक बाइटची पॅकेट आली तर त्यात दोन लाख पॅकेट मावतील असे वाटते, प्रत्यक्षात २७७ च्या आसपास मावतात. हा विचित्र दिसणारा आकडाही याच हिशेबातून आला आहे: २५६ बाइट डेटाच्या पॅकेटचा ट्रूसाइझ ८३२ बाइट धरला आणि अशी २५६ पॅकेट मावावीत असे ठरवले, की गुणाकार नेमका २,१२,९९२ येतो. बफरचा आकार ठरवताना किती बाइट येतील यापेक्षा किती पॅकेट येतील हा प्रश्न आधी विचारावा.

४. मी रिसीव्ह बफरचा आकार मागणाऱ्या एसओ_आरसीव्हीबफला एक लाख दिले आणि परत विचारले तर दोन लाख मिळाले. ही चूक आहे का?

चूक नाही. प्रश्न ३ मधील वरखर्चाची सोय म्हणून कर्नल दिलेला आकडा दुप्पट करून ठेवतो आणि विचारल्यावर ती दुप्पट रक्कमच सांगतो. सेंड बफरसाठीच्या एसओ_एसएनडीबफचेही तसेच आहे. मागितलेला आकडा नेट.कोअर.आरमेम_मॅक्स किंवा डब्ल्यूमेम_मॅक्सपेक्षा मोठा असेल, तर तो आधी त्या मर्यादेपर्यंत कापला जातो आणि मग दुप्पट होतो. या वेळी कोणतीही त्रुटी कळवली जात नाही. मागितले तेवढे मिळाले असे गृहीत न धरता परत विचारून खात्री करण्याची सवय प्रत्येक प्रोग्रामने लावून घ्यावी. मर्यादा ओलांडायचीच असेल, तर एसओ_आरसीव्हीबफफोर्स हा पर्याय आहे. त्यासाठी कॅप_नेट_ॲडमिन हा अधिकार लागतो.

५. आरमेम_मॅक्स आणि टीसीपी_आरमेम यांत फरक काय? दोन्ही वाढवावेत का?

आरमेम_मॅक्स ही प्रोग्रामने स्वतः मागितलेल्या बफरवरची मर्यादा आहे. टीसीपी_आरमेममध्ये तीन आकडे असतात: किमान, सुरुवातीचा आणि कमाल. प्रोग्रामने काहीही मागितले नसेल, तर कर्नल टीसीपीचा बफर गरजेनुसार या कमाल आकड्यापर्यंत आपणहून वाढवतो आणि त्या वाढीला आरमेम_मॅक्सचा अडथळा येत नाही. अनेक वर्षे हे तीन आकडे ४०९६, १,३१,०७२ आणि ६२,९१,४५६ बाइट असे राहिले. नव्या आवृत्त्यांत कमाल आकडा वाढवला गेला आहे.

येथे एक कळीची गोष्ट आहे. प्रोग्रामने एकदा एसओ_आरसीव्हीबफ दिले, की त्या सॉकेटचे स्वयंचलित समायोजन कायमचे थांबते. वेग वाढावा म्हणून हातचा आकडा द्यावा आणि त्यामुळेच बफर त्या आकड्यावर अडकून वेग घटावा, असे सर्रास घडते. टीसीपीसाठी माझे मत स्पष्ट आहे: हा आकडा प्रोग्राममध्ये लिहू नये, टीसीपी_आरमेमची कमाल वाढवावी. यूडीपीला असे समायोजन नाही, म्हणून तेथे मात्र आकडा मागावाच लागतो.

६. टीसीपी_मेममधील तीन आकडे बाइटमध्ये असतात का?

नाही, ते पानांत असतात, आणि एक पान बहुतेक यंत्रांवर ४०९६ बाइटचे असते. टीसीपी_आरमेम आणि सेंड बफरसाठीचे टीसीपी_डब्ल्यूमेम बाइटमध्ये, पण टीसीपी_मेम पानांत, या विसंगतीमुळे कितीतरी यंत्रांवर चुकीचे आकडे वर्षानुवर्षे पडून असतात. बाइटमधला आकडा येथे लिहिला, तर मर्यादा ४०९६ पट मोठी होते, म्हणजे व्यवहारात उरतच नाही. चूक दिसत नाही, कारण सारे सुरळीत चालते. टीसीपीने खरोखरच यंत्राची मेमरी गिळायला सुरुवात केली, की ती उघडी पडते.

काहीच बदलले नसेल, तर कर्नल बूट होताना उपलब्ध मेमरीवरून हे आकडे स्वतः काढतो: पहिला सुमारे ४.६८ टक्के, दुसरा ६.२५ टक्के आणि तिसरा ९.३७ टक्के. १६ जीबीच्या यंत्रावर ते साधारण १,९६,६०८, २,६२,१४४ आणि ३,९३,२१६ पानांच्या थोडे खाली येतात. म्हणजे सर्व टीसीपी सॉकेटांना मिळून कमाल दीड जीबीच्या जवळपास. यूडीपी_मेमचे मूळ आकडे याच पद्धतीने, पण दुप्पट प्रमाणात काढले जातात.

७. या तीन आकड्यांना पोहोचल्यावर नेमके काय घडते?

पहिल्या आकड्याखाली कर्नल काहीच अडवत नाही. पहिला आकडा ओलांडला, की दाबाची (मेमरीच्या टंचाईची) स्थिती जाहीर झालेली नसली तरी बफरांची स्वयंचलित वाढ थांबते. ही बाब फारशी कोणाला ठाऊक नसते. दुसरा आकडा ओलांडला, की टीसीपी दाबाच्या स्थितीत जाते आणि वापर पुन्हा पहिल्या आकड्याखाली येईपर्यंत तेथेच राहते. या काळात समोरच्याला जाहीर केली जाणारी विंडो, म्हणजे त्याने पोचेविना किती डेटा पाठवावा याची मुभा, आखडती घेतली जाते. तिसरा आकडा ओलांडला, की नवी मेमरी नाकारली जाते. कनेक्शन बंद करण्याचा संदेश यांसारख्या मोजक्या गोष्टींना तेवढा अपवाद आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यांच्या मधला नियम मुद्दाम पाहण्यासारखा आहे, कारण त्यात न्यायाची एक साधी कल्पना आहे. ज्या सॉकेटचा वापर टीसीपी_आरमेम किंवा टीसीपी_डब्ल्यूमेममधील किमान आकड्याच्या आत आहे, त्याला मेमरी मिळतेच. बाकीच्यांसाठी कर्नल असा विचार करतो की, सर्व सॉकेटांनी याच्याएवढीच मेमरी धरली असती तर तिसऱ्या आकड्यात भागले असते का? भागले असते तर मेमरी मिळते, नाहीतर नाही. वरच्या उदाहरणात ३,९३,२१६ पाने आणि १०,००० सॉकेट असतील, तर वाटा प्रत्येकी ३९ पानांचा, म्हणजे सुमारे १५७ केबीचा पडतो. एक लाख सॉकेट असतील तर तो चार पानांच्याही आत येतो. म्हणून दाबाच्या काळात थोडेसे धरून बसलेली असंख्य कनेक्शने जगतात आणि मोठे हस्तांतरण करणारी मोजकी कनेक्शने रखडतात. मोठ्या फाइली तेवढ्या अडकल्या आणि लहान विनंत्या ठीक चालल्या, अशी तक्रार आली की पहिला संशय येथे घ्यावा.

८. आत्ता किती मेमरी वापरात आहे, हे कोठे पाहावे?

संपूर्ण प्रोटोकॉलचा आकडा प्रोक/नेट/सॉकस्टॅट या फाइलीत मिळतो. टीसीपीच्या ओळीतील मेम या शब्दापुढचा आकडा पानांत असतो, त्यामुळे त्याची तुलना थेट टीसीपी_मेमशी करता येते. प्रोक/नेट/प्रोटोकॉल्स या फाइलीत प्रत्येक प्रोटोकॉल त्या क्षणी दाबाखाली आहे की नाही, हेही दिसते.

तो क्षण निसटून गेला असेल, तर एनस्टॅट या आदेशातील मोजणी उपयोगी पडते. टीसीपीमेमरीप्रेशर्स वाढले असेल, तर यंत्र दाबाच्या स्थितीत जाऊन आले आहे, आणि त्याच नावाच्या शेवटी क्रोनो असलेली मोजणी दाबाखाली गेलेला एकूण वेळ मिलिसेकंदांत सांगते. प्रूनकॉल्ड आणि टीसीपीआरसीव्हीकोलॅप्स्ड वाढत असतील, तर जागा करण्यासाठी रांगेतील पॅकेट दाबून बसवावी लागत आहेत. टीसीपीअबॉर्टऑनमेमरी वाढले असेल, तर मेमरीअभावी कनेक्शने तोडली गेली आहेत.

९. सॉकेटांची यादी दाखवणाऱ्या एसएस आदेशाच्या एसकेमेम या ओळीतील अक्षरांचा अर्थ काय?

एसएसला एम हा पर्याय दिला, की प्रत्येक सॉकेटची वही उघडते. एक ओळ जवळून पाहू. प्रोग्राम अडकल्यामुळे वाचन पूर्ण थांबलेल्या यूडीपी सॉकेटची ती आहे असे समजा:

एसकेमेम:(आर२१४२७२,आरबी२१२९९२,टी०,टीबी२१२९९२,एफ२८१६,डब्ल्यू०,ओ०,बीएल०,डी५७)

आर म्हणजे न वाचलेल्या पॅकेटांनी अडवलेली मेमरी आणि आरबी म्हणजे रिसीव्ह बफरची मर्यादा. आर येथे मर्यादेच्या किंचित वर आहे, कारण पॅकेट येण्याआधी रांग मर्यादेत असेल तर ते एक पॅकेट बहुतेक आवृत्त्या आत घेतात. २,१४,२७२ ला २३०४ ने भागले तर नेमके ९३ येतात. प्रत्येक फ्रेमला अर्धे पान, म्हणजे २०४८ बाइट देणाऱ्या ड्रायव्हरमध्ये त्यात एसके_बफचे २५६ मिळवून हाच २३०४ चा ट्रूसाइझ होतो. या ९३ पॅकेटांत प्रत्येकी १४७२ बाइट डेटा असेल, तर प्रत्यक्ष डेटा १,३६,८९६ बाइट आहे. बाकीचे सारे वरखर्च.

एफ ही हातची शिल्लक आहे. सॉकेट प्रोटोकॉलच्या वहीतून मेमरी पूर्ण पानांच्या मापाने उचलतो आणि न वापरलेला भाग एफमध्ये ठेवतो. म्हणून २,१४,२७२ आणि २,८१६ यांची बेरीज २,१७,०८८, म्हणजे बरोबर ५३ पाने भरते. डी५७ म्हणजे ५७ पॅकेट गळली. टी म्हणजे खालच्या थरांकडे सोपवलेली मेमरी, डब्ल्यू म्हणजे पाठवण्याच्या रांगेतील मेमरी, बीएल म्हणजे सॉकेट कुलूपबंद असताना बाजूला ठेवलेली पॅकेट. ओ साठी प्रश्न १७ पाहावा. आर आरबीला टेकला असेल, तर नकार पहिल्या वहीतला आहे आणि टीसीपी_मेम किंवा यूडीपी_मेम वाढवून काहीही साधणार नाही.

१०. सर्व सॉकेटांच्या एसएसमधील आकड्यांची बेरीज सॉकस्टॅटशी जुळत नाही. मेमरी गळते आहे का?

बहुधा नाही. पहिले कारण असे की एसएस फक्त स्वतःच्या नेटवर्क नेमस्पेसमधील (कंटेनरला मिळतो तशा वेगळ्या नेटवर्क कप्प्यातील) सॉकेट दाखवतो, तर सॉकस्टॅटमधील मेमचा आकडा सर्व नेमस्पेस मिळून एकच असतो. दुसरे कारण असे की कर्नल ६.० पासून प्रत्येक सीपीयूजवळ या हिशेबाचा एक लहान गल्ला असतो. मुख्य वहीला प्रत्येक व्यवहारात हात लावला तर अनेक सीपीयू एकाच जागेसाठी झगडतात, म्हणून बारीकसारीक व्यवहार आपल्याच गल्ल्यात मिटवून अधूनमधून मुख्य वहीत नोंद केली जाते. या गल्ल्याची मूळ मर्यादा प्रत्येक सीपीयूमागे १ एमबी असते, म्हणून ६४ सीपीयूच्या यंत्रावर काही दशक एमबींचा फरक निव्वळ यातून दिसू शकतो. नव्या आवृत्त्यांत हा आकार नेट.कोअर.मेम_पीसीपीयू_आरएसव्ही या सेटिंगने, पानांच्या मापात, बदलता येतो. टीसीपी_मेम मुद्दाम फार लहान ठेवलेल्या यंत्रावर तो कमी करावा. एरवी त्याला हात लावण्याचे कारण नाही.

खरी गळती ओळखायची खूण वेगळी आहे: वाहतूक थांबवल्यावर, सॉकेट बंद झाल्यावरही सॉकस्टॅटचा आकडा दिवसेंदिवस चढत राहणे.

११. यूडीपीचा हिशेब टीसीपीसारखाच असतो का?

वह्या त्याच, वागणूक वेगळी. यूडीपीला विंडो नसल्यामुळे समोरच्याला हळू पाठव असे सांगण्याचा मार्गच नाही. बफर भरला की पॅकेट गळते. गळती पहिल्या वहीमुळे झाली असेल तर आरसीव्हीबफएरर्स वाढते. नव्या आवृत्त्यांत प्रोटोकॉलच्या वहीने नकार दिला तर मेमएरर्स ही वेगळी मोजणी वाढते, आणि हा भेद निदानासाठी फार मोलाचा आहे.

आणखी एक फरक गोंधळात टाकतो. प्रोग्रामने पॅकेट वाचले तरी यूडीपी सॉकेट मोकळी झालेली मेमरी लगेच परत करत नाही. रांग पूर्ण रिकामी होईपर्यंत किंवा अशी मेमरी बफरच्या पावपट होईपर्यंत ती साठवून मग एकदम परत करतो. बफर मोठे असतील, तर सॉकस्टॅटमधील आकडा वाचनामागे रेंगाळताना दिसतो. ते वेगासाठी मुद्दाम केलेले आहे.

१२. कंटेनरच्या मेमरी मर्यादेत सॉकेटची मेमरी धरली जाते का?

कंट्रोल ग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत होय, आणि त्यासाठी वेगळे काही चालू करावे लागत नाही. कर्नल ४.५ पासून सॉकेटची मेमरी इतर मेमरीसोबत एकाच मोजणीत जाते आणि मेमरी.मॅक्स या मर्यादेला लागू होते. त्यातला सॉकेटचा वाटा गटाच्या मेमरी.स्टॅट फाइलीत सॉक या ओळीवर बाइटमध्ये दिसतो.

पहिल्या आवृत्तीत तसे नव्हते. तेथे मेमरी.केमेम.टीसीपी.लिमिट_इन_बाइट्स या फाइलीत मर्यादा लिहीपर्यंत हिशेब सुरूच होत नसे, तो फक्त टीसीपीचा असे आणि त्याची वही गटाच्या मुख्य मेमरीपासून वेगळी असे. जुन्या यंत्रणेवरून नवीवर येताना कंटेनर अचानक मर्यादेला टेकू लागले, तर हा बदल तपासावा. वापर वाढलेला नसतो, मोजणी वाढलेली असते.

१३. सॉकेट कोणत्या गटाच्या नावे पडतो? प्रक्रिया दुसऱ्या गटात हलवली तर?

सॉकेट तयार करणारी प्रक्रिया ज्या गटात असेल त्याच्या नावे तो पडतो. बाहेरून आलेल्या टीसीपी कनेक्शनच्या बाबतीत सॉकेट इंटरप्टच्या (पॅकेट आल्याची हार्डवेअरची सूचना हाताळण्याच्या) संदर्भात तयार होतो. त्या क्षणी चालू असलेल्या प्रक्रियेचा त्याच्याशी संबंध नसतो, म्हणून गट ठरतो तो ॲक्सेप्ट करणाऱ्या, म्हणजे कनेक्शन स्वीकारणाऱ्या, प्रक्रियेवरून. एका प्रक्रियेने ॲक्सेप्ट करून तो सॉकेट दुसऱ्या गटातील प्रक्रियेच्या हाती दिला, तरी खर्च पहिल्या गटाच्याच नावे राहतो. प्रक्रिया नंतर दुसऱ्या गटात हलवली, तरी जुने सॉकेट तिच्यामागे जात नाहीत. सर्व कनेक्शने एका लहान मध्यस्थ प्रक्रियेतून वाटणाऱ्या रचनेत त्या मध्यस्थाची मर्यादा तोकडी पडते ती यामुळेच.

१४. टीसीपी_मेमला धक्काही लागलेला नाही, तरी फक्त कंटेनरमधील सेवेचा वेग पडतो. असे का?

तिसऱ्या वहीचा दाब असण्याची शक्यता दाट आहे. गट आपल्या मर्यादेजवळ आला आणि मेमरी परत मिळवताना कर्नलला कष्ट पडू लागले, की तो त्या गटातील सॉकेटांवर दाबाची खूण करतो. ही खूण सुमारे एक सेकंद टिकते आणि त्रास चालू राहिला तर पुन्हा पुन्हा लागते. खूण असेपर्यंत त्या सॉकेटांच्या विंडो वाढत नाहीत, उलट काही मोजक्या सेगमेंटांपर्यंत (टीसीपी पॅकेटांपर्यंत) आखडतात. दूरच्या यंत्राशी बोलताना एवढी लहान विंडो म्हणजे वेगाचा गळाच आवळणे होय.

यात खटकणारी गोष्ट ही की मेमरी सॉकेटांनी खाल्लेली असेलच असे नाही. फाइली वाचणाऱ्या प्रोग्रामने गट पेज कॅशेने (फाइलींच्या मेमरीतल्या प्रतींनी) भरला, तरी दंड सॉकेट भरतात. निदानासाठी तीन गोष्टी एकत्र पाहाव्यात: मेमरी.स्टॅटमधील सॉकचा आकडा एकूण वापराच्या मानाने किती आहे, मेमरी.इव्हेंट्समधील हाय आणि मॅक्स वाढत आहेत का, आणि त्याच वेळी एसएसमध्ये विंडो आक्रसलेल्या दिसतात का. सॉक नगण्य असूनही बाकीच्या दोन खुणा जुळल्या, तर गटाची मर्यादा वाढवणे किंवा कॅशे भरणारे काम वेगळ्या गटात काढणे हा खरा उपाय आहे.

१५. मग गटाच्या नावे होणारा हा हिशेब बंदच करता येतो का?

येतो. बूट करताना कर्नलच्या ओळीत सीग्रुप.मेमरी=नोसॉकेट असे लिहिले, की सॉकेटची मेमरी कोणत्याच गटाच्या नावे पडत नाही आणि प्रश्न १४ मधील दाबही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. हा निर्णय संपूर्ण यंत्राचा असतो. एखाद्याच गटापुरता किंवा यंत्र चालू असताना तो बदलता येत नाही.

हा मार्ग घाईने घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. हिशेब बंद केल्याने मेमरी वाचत नाही. ती खर्च होतच राहते, फक्त कोणाच्या नावे पडत नाही. मग एका कंटेनरने हजारो कनेक्शने उघडून ती न वाचता ठेवली, तर त्याला अडवणारी एकच मर्यादा उरते, ती यंत्रभराच्या टीसीपी_मेमची, आणि तिचा फटका शेजारच्या निर्दोष कंटेनरांनाही बसतो. ज्या यंत्रावर एकाच मालकाची, ओळखीची कामे चालतात तेथे हा पर्याय समर्थनीय आहे. परक्यांची कामे एकत्र चालतात तेथे तो वापरू नये.

१६. उलट, गटाची वही चालू ठेवून प्रोटोकॉलच्या सामाईक वहीतून सुटका मिळते का?

अगदी अलीकडच्या आवृत्त्यांत त्यासाठी नेट.कोअर.बायपास_प्रॉट_मेम हे सेटिंग आले आहे. मूळ स्थितीत ते बंद असते. ते चालू केले, की गटाच्या नावे मोजले जाणारे नवे सॉकेट टीसीपी_मेम, यूडीपी_मेम यांच्या वहीत धरले जात नाहीत. प्रत्येक कंटेनरला नीट मर्यादा असेल, तर ही व्यवस्था अधिक न्याय्य आहे, कारण एकाच्या उधळपट्टीने सर्वांवर दाब येत नाही. मर्यादा न घातलेल्या गटांना मात्र यामुळे मोकळे रान मिळते. तुमच्या कर्नलमध्ये ते आहे का, हे प्रोक/सिस/नेट/कोअर या निर्देशिकेत आधी पाहावे.

याच्या जवळचा आणखी एक पर्याय कर्नल ५.१६ पासून आहे. एसओ_रिझर्व्ह_मेम वापरून एखादा सॉकेट आपल्या गटातून ठरावीक मेमरी आधीच राखून ठेवू शकतो आणि दाबाच्या काळातही ती त्याच्याकडे राहते. गटाच्या नावे सॉकेटचा हिशेब चालू असेल तरच हे चालते. नोसॉकेट दिलेल्या यंत्रावर ते नाकारले जाते.

१७. युनिक्स सॉकेट आणि ऑप्टमेम_मॅक्स यांचे काय?

युनिक्स सॉकेटांना (एकाच यंत्रावरील प्रोग्रामांनी आपसांत बोलण्यासाठीच्या सॉकेटांना) टीसीपी_मेमसारखी सामाईक वही नाही. त्यांच्या रांगेतील डेटा पाठवणाऱ्याच्या सेंड बफरच्या नावे असतो. गटाच्या हिशेबात त्यांचे बफर कर्नलची साधी मेमरी म्हणून मोजले जातात, म्हणून ते मेमरी.स्टॅटमधील सॉकमध्ये दिसत नाहीत आणि नोसॉकेटचा त्यांच्यावर परिणाम होत नाही.

ऑप्टमेम_मॅक्स ही सॉकेटला जोडलेल्या फिल्टरसारख्या पूरक गोष्टींवरची मर्यादा आहे आणि एसएसमधील ओ तिचाच वापर दाखवतो. डेटा नकलून न घेता पाठवण्याच्या पद्धतीत पूर्ततेच्या सूचनाही यातच मोजल्या जातात. अशा प्रोग्रामला ईनोबफ्स ही त्रुटी आली, तर ही मर्यादा पाहावी.

१८. लॉगमध्ये टीसीपीची मेमरी संपली, टीसीपी_मेम वाढवण्याचा विचार करा, असा संदेश येतो. सांगितल्याप्रमाणे वाढवावे का?

लगेच नाही. हा संदेश येतो तेव्हा कर्नल बहुधा असा सॉकेट तोडत असतो ज्याच्या मागे कोणतीही प्रक्रिया उरलेली नाही, पण ज्याच्या रांगेत पाठवायचा डेटा शिल्लक आहे. प्रोग्रामने कनेक्शन बंद केले, समोरचा वाचत नाही, आणि डेटा कर्नलच्या गळ्यात पडला, अशी ती स्थिती असते. सॉकस्टॅटच्या टीसीपीच्या ओळीत ऑर्फन या शब्दापुढे अशा सॉकेटांची संख्या दिसते. ती मोठी असेल, तर टीसीपी_मेम वाढवल्याने हा साठा तेवढा आणखी वाढेल.

म्हणून आधी मेमरी कोणी धरली आहे ते एसएसमधून पाहावे. आर मोठा असलेले सॉकेट पुष्कळ असतील, तर आपला प्रोग्राम वाचत नाही. डब्ल्यू मोठा असलेले पुष्कळ असतील, तर समोरचे ग्राहक संथ आहेत किंवा आपण गरजेपेक्षा फार आधी लिहून ठेवतो आहोत. दुसऱ्या प्रकारात टीसीपी_नॉटसेंट_लोवॅट हे सेटिंग उपयोगी पडते: न पाठवलेला डेटा ठरावीक मापाच्या खाली येईपर्यंत कर्नल प्रोग्रामला लिहिण्यास मोकळीक आहे असे सांगत नाही, आणि वेगाला फारसा धक्का न लावता रांगा लहान होतात. या तपासणीनंतरही वापर खऱ्या गरजेचाच ठरला आणि यंत्रात मेमरी शिल्लक असली, तर तिन्ही आकडे एकाच प्रमाणात, पानांचे माप ध्यानात ठेवून वाढवावेत (प्रश्न ६ पाहा).

१९. कंटेनरच्या आत टीसीपी_मेम बदलायला गेलो तर ती फाइलच सापडत नाही. टीसीपी_आरमेम मात्र दिसते. हे कसे?

टीसीपी_आरमेम आणि टीसीपी_डब्ल्यूमेम कर्नल ४.१५ पासून प्रत्येक नेटवर्क नेमस्पेसचे स्वतंत्र असतात, म्हणून ते आतून दिसतात आणि अधिकार असल्यास बदलताही येतात. टीसीपी_मेम आणि यूडीपी_मेम संपूर्ण यंत्राचे असल्यामुळे ते फक्त मूळ नेमस्पेसमध्ये असतात. ते यजमान यंत्रावरूनच बदलावे लागतात. मात्र यजमानावर टीसीपी_आरमेम बदलले, तरी आधीच चालू असलेल्या कंटेनरांना तो बदल लागू होत नाही, कारण त्यांची प्रत नेमस्पेस तयार होतानाच वेगळी झालेली असते. त्या प्रत्येकात तो स्वतंत्रपणे करावा लागतो, आणि तोही नव्याने उघडल्या जाणाऱ्या सॉकेटांनाच नीट लागू पडतो.